अंदाज बंद

...रबराचा हा ठिपका अजून थोडा वर हवा होता का? टॅब्लेटच्या कडेला तिने तो काल चिकटवला होता, मसुराच्या दाण्याएवढा, करडा, कुणाच्या लक्षातही येऊ नये असा. थरथरणाऱ्या बोटाला पडद्यावर उतरण्याआधी क्षणभर टेकायला जागा, एवढंच त्याचं काम. आता स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, शेजारी चहा निवत असताना, ती उजवा हात पाठीमागे धरून, डोळे मिटून, डावं बोट त्यावर टेकवून बघत होती. टेकतंय. घसरत नाहीये. पण हे माझं बोट, चांगलं धडधाकट... आणि चाचणीला येणाऱ्या मास्तरांचं डावं बोट म्हणजे जन्मभर उजव्याच्या हाताखाली राबलेलं, आता एकाएकी घरातलं कर्तं होऊन बसलेलं. समोर नवरा पावाला लोणी लावत होता. बायको सकाळी सकाळी आंधळ्यासारखी टॅब्लेट चाचपते याचं त्याला आताशा काही वाटत नसे.

"आजच आहे ना?"

"आजच. बोलले तर बोलले, नाहीतर..."

तिने वाक्य तिथंच सोडलं आणि त्यानेही ते उचललं नाही. याच एका गुणावर तिने त्याच्याशी लग्न केलं होतं. दिसायला तो बेताचा, गातो तर अगदीच वाईट, पण कुणाचं वाक्य अर्धं राहिलं तर ते ओढून पुढे न्यायची खाज त्याला नाही.

उपचार केंद्राकडे जाताना ती नेहमीसारखी चालतच निघाली. चालताना तिचं डोकं चालतं, आणि शिवाय वाटेत दारं असतात, दारांवर लोक असतात. बँकेच्या काचेच्या दारापाशी आजही एक गृहस्थ ढकलायचं दार ओढत उभे होते. बिचारे स्वतःवरच चिडले होते. हा स्वतःवरचा राग तिला फार ओळखीचा होता, आणि वस्तू वापरायला सोप्या करायच्या तिच्या धंद्याचं सगळं भांडवल तोच होता. दाराची मूठ कुणी ओढायची म्हणून घडवली आणि ढकलायच्या बाजूला बसवली, चूक त्याची. पण ओशाळतो तो दाराशी उभा असलेला माणूस. मागे एका कॉलेजात तिला व्याख्यानाला बोलावलं होतं, तुमचा प्रवास सांगा, पोरांना चार शब्द सांगा म्हणून. तिथं एका मुलीने विचारलं होतं, "मॅम, यूएक्स डिझायनर व्हायचं तर आधी काय शिकू?" ती म्हणाली, "गप्प बसायला." सभागृह हसलं. तिनेही हसून घेतलं. पण तिने काही विनोद केला नव्हता.

गप्प बसायचं. वापरणारा अडला की त्याच्याकडे बघत गप्प बसायचं आणि स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून धरायचे, म्हणजे बोट आपसूक 'ते बघा, तिथं' करत पुढे जात नाही. हे तिला तिच्या पहिल्या नोकरीतल्या बाईंनी शिकवलं होतं. तिकीट मशीनच्या चाचणीत बाई स्वतः अशा हातांवर बसत आणि मागाहून लाल झालेले तळवे चोळत म्हणत, "झाली बाई आजची कमाई." तिकीट मशीन, मग बँकेचे पडदे, मग एका हॉस्पिटलचा नंबर लावायचा पडदा... नोकऱ्या बदलल्या, खुर्च्या मऊ झाल्या, पगार वाढला. हातांवर बसायचं तेवढं तिने सोडलं नाही.

आणि आता हे यंत्र. मेंदूला झटका येऊन ज्यांची वाचा गेली त्यांच्यासाठी. पडद्यावर चित्रांच्या चौकटी, चौकट दाबली की यंत्र तो शब्द मोठ्याने म्हणतं. कुठली चौकट केवढी, कुठं, कशानंतर काय, हे सगळं तिचं. 'तसं नाही' ही चौकट तिने सर्वांत मोठी केली होती, डाव्या हाताला सहज सापडेल अशा कोपऱ्यात, आणि त्यावरून आठवडाभर भांडली होती. तिथंवर ती जिंकली. मग आला 'अंदाज'.

अंदाज म्हणजे पुढे-चलांचं लाडकं बाळ. पुढे-चला हे त्यांच्या विभागप्रमुखाचं ऑफिसातलं नाव; दर मीटिंगमध्ये दर दोन वाक्यांनी ते 'पुढे चला, पुढे चला' करत. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला जगात कुठंही थांबलेलं काही बघवत नसे. तर अंदाज असा, की पेशंटचं बोट थोडा वेळ हललं नाही की यंत्रच वाक्य सुचवतं, आणि तरीही बोट हललं नाही तर खुशाल बोलूनही टाकतं. मागच्या चाचणीला मास्तर समोर होते. मास्तर म्हणजे शिंपी, उजवा हात लुळा, वाचा गेलेली, डोळे मात्र कपड्यातला झोळ शोधावा तसे जागे. त्यांनी एक चौकट दाबली आणि पुढची शोधत थांबले. थांबले तशी यंत्राने सुरेल आवाजात सांगितलं, "मला पाणी हवं आहे." त्यांच्या बायकोने लगबगीने पेला पुढे केला. मास्तर प्यायले. टाळ्या पडल्या, पडद्यामागे 'संवाद यशस्वी' अशी नोंद झाली.

पण प्यायच्या आधी त्यांनी मान खिडकीकडे वळवली होती. फक्त एवढंच. माणूस पाणी मागून घेतो तेव्हा पेल्याकडे बघतो... ते तिने एकटीने पाहिलं. आणि पाहिलं तेव्हा तिला कित्येक वर्षांनी आपलं लहानपणचं ताट आठवलं.

घरात जेवायला बसल्यावर तिला पाणी हवं असे. प. ओठ मिटत आणि मिटलेलेच राहत. प, प... आणि शेजारून दादाचा चटपटीत आवाज, "आई, तिला पोळी हवीय." पोळी पानात पडे. तीही ती खाई. दादा तिच्यावर जीव टाकायचा, तिला कुणी तोतरी म्हटलं तर मारामारी करून यायचा. त्याच्यावर रागावणार तरी कसं? त्याने तिची किती वाक्यं पुरी केली असतील, आणि त्यातली निम्मी तरी दुसऱ्याच कुणाची होती. मग तिने आडवाट काढली. पाणी अडतंय ना, मग 'जल' म्हणायचं. एवढीशी पोर जेवताना 'आई, जल दे' म्हणे आणि पाहुणे कौतुकाने बघत. शाळेत तिचं नाव पंडितीण पडलं. पुस्तक अडलं की ग्रंथ, पाऊल अडलं की चरण! हसायचं ते हसोत. रस्ता बंद दिसला की दुसरा कुठून जातो हे शोधायची सवय तिथून लागली, आणि पुढे त्याच सवयीवर तिचं पोट चाललं, नावही झालं. आता ती सभेत घडाघडा बोलते. बोलता बोलता तीन शब्द पुढचा प तिला दिसतो आणि ती अलगद वळसा घालून जाते. कुणाला कळतही नाही.

ती पुढे-चलांकडे गेली होती. "एकदा, फक्त एकदा अंदाज बंद ठेवून बघू. तेच मास्तर." ते म्हणाले, "एकदाच हं, मॅडम. मालाची तारीख ठरलीय. जमलं तर बोलू, नाही जमलं तर अंदाजासकट पुढे." म्हणजे सगळी यंत्रं अंदाजासकट. म्हणजे कित्येक घरांत कित्येक माणसं, न मागितलेलं पाणी पीत...

खोलीत शिरली तेव्हा मास्तर आलेले होते. अंगात निळा, ताणला जाणारा, बटणांच्या जागी चिकटपट्टी असलेला शर्ट. शेजारी त्यांची बायको, सगळ्यांच्या काकू, मांडीवर पर्स घट्ट धरून. कोपऱ्यात पुढे-चला, हातात पेन. तिने टॅब्लेट मास्तरांपुढे ठेवला, रबरी ठिपका एकदा दाखवला, खुर्ची मागे ओढली आणि हातांवर बसली.

मास्तरांचं बोट ठिपक्यावर टेकलं. थांबलं.

"पाणी हवंय का हो?" काकू.

बोट कोपऱ्यात गेलं. "तसं नाही," यंत्र म्हणालं.

"मग पाठ दुखतेय? उशी देऊ?"

"तसं नाही."

"लेकीला फोन लावायचाय? बरं मग, घरी जायचंय?"

"तसं नाही. तसं नाही. तसं नाही." शेवटचे दोन गरज नसताना, नुसत्या चवीने. मास्तरांच्या तोंडाची चांगली बाजू वर सरकली. काकूंचा चेहरा पडला. "हे बघा, आता मशीन घेऊन माझ्याशी भांडायला लागले," त्या म्हणाल्या.

आणि मग काहीच झालं नाही.

बोट ठिपक्यावर. पडदा उजळलेला, मुका. पुढे-चलांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, काढलं. बाहेर कुणीतरी ढकलगाडी नेत होतं, तिचं एक चाक कुरकुरत होतं. आता अंदाज असता तर मास्तरांचं पाणी पिऊन झालं असतं. तिचे तळवे मांडीखाली जळत होते. हवी ती चौकट शोधताहेत का, की सगळंच विसरले, की मुळात काही सांगायचंच नाहीये आणि मी उगाच आपला इतिहास त्यांच्या डोक्यावर थापतेय? हा विचार मेला आत्ताच यायचा होता! चौकटी चुकल्या असतील तर... चुकल्या तर चुकल्या. बसून राहा. पुढे-चलांनी घसा खाकरला. तिने त्यांच्याकडे नुसतं बघितलं, आणि त्या बघण्यात काय होतं देव जाणे, घसा मुकाट झाला.

बोट उतरलं. कपड्यांचं चित्र. मग शर्ट. "शर्ट," यंत्र म्हणालं. पुन्हा ठिपक्यावर विसावा. "आवडणे." आणि मग कोपऱ्यात, जोराने, "तसं नाही."

काकूंनी आधी यंत्राकडे पाहिलं, मग निळ्या शर्टाकडे. "हा? हा आवडत नाही? अहो, लेकीने एवढा हौसेने आणलाय! इतके दिवस रोज घालतेय मी तुम्हाला. मग आधी नाही का सांगायचं?"

म्हणाल्या आणि आपण काय म्हणालो ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. त्यांनी तोंडावर हात घेतला. हाताआडून त्या हसत होत्या की रडत होत्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मास्तर हसत होते, अर्ध्या तोंडाने, भरपूर, आवाज न करता, खांदे हलवून. इतक्या वर्षांचा शिंपी आणि अंगात चिकटपट्टीचा शर्ट, किती दिवस सोसला असेल बिचाऱ्याने! पण त्यांचं संपलं नव्हतं. बोट पुन्हा ठिपक्यावर आलं. काकू विचारायला पुढे वाकल्या, आणि मग — हे तिने पाहिलं आणि जन्मभर विसरणार नव्हती — त्यांनी उघडलेलं तोंड मिटलं. आपणहून. पर्स खाली ठेवली, आणि हात मांडीत घेऊन बसल्या.

"तू," यंत्र म्हणालं. बऱ्याच वेळाने, "शिवणे." त्याहून जास्त वेळाने, "मी. सांगणे."

"मी शिवू? तुम्ही सांगणार?" काकूंचा आवाज फाटला. "मला मशीनला हात लावू दिलात का कधी? आणि चुकलं म्हणजे?"

बोटाने कोपरा शोधला नाही. मास्तरांनी डावा हात उचलून काकूंच्या दंडावर ठेवला आणि खांद्यापासून कोपरापर्यंत वीत टाकली. माप घेत होते.

जमलं! तिच्या आत कुणीतरी जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढत होतं. जमलं, जमलं, माझ्या चौकटींनी केलं, मी काढलेल्या, मी भांडून मोठ्या केलेल्या... मिरवू दे मला, आज मी मिरवणार. आणि लगेच वाटलं, यात माझं काय, मी तर नुसती हातांवर बसले होते. आणि मग वाटलं, हो, बसले होते, आणि ते सोपं नव्हतं. तिने हात बाहेर काढले. लालभडक झाले होते. पहिल्या नोकरीतल्या बाई असत्या तर दाखवले असते.

शेजारच्या खोलीत पुढे-चला उभ्यानेच बोलायला लागले. "छान झालं, मॅडम, नाही म्हणत नाही. अंगावर काटा आला माझ्याही. पण लागला किती वेळ! सगळ्यांच्या घरी एवढं थांबणार कोण? वरच्यांना मला काहीतरी सांगावं लागेल. एका वाक्यात सांगा, अंदाज का काढायचा?"

"कारण माणसाचं वाक्य त्याचं त्यालाच..." ती म्हणाली, आणि तिला तो प समोर उभा दिसला. पूर्ण. पूर्ण करू द्या. ओठ मिटले आणि मिटलेलेच राहिले.

लगेच सगळे जुने सोपे शब्द धावून आले: 'संपवू' आहे ना, 'शेवटाला नेऊ' आहे, कशाला अडतेस, वळसा घे... पण संपवायचं नव्हतं तिला. तिला पूर्ण हवं होतं, तोच शब्द.

"...बोलू द्यावं. असंच ना?" पुढे-चला म्हणाले.

तिने मान हलवली. "तसं नाही."

आणि पुन्हा त्या शब्दापाशी जाऊन उभी राहिली. प... ऑफिसातल्या कुणी तिला असं कधी पाहिलं नव्हतं. पुढे-चलांच्या डोळ्यांत आधी गोंधळ आला, मग काळजी. ते काही बोलायला गेले आणि त्यांचं तोंड अर्धवट उघडं राहिलं. ते तोंड मिटून घेणार होते की आणखी एक अंदाज टाकणार होते, वरचे ऐकणार होते की यंत्रं जशीच्या तशी जाणार होती, यातलं काहीच तिला अजून ठाऊक नव्हतं. लहानपणी या जागेवर तिला पळून जावंसं वाटे, ताटाखाली, दादाच्या मागे, कुठल्याही सोप्या शब्दात. आज पाय पळ काढायला बघत नव्हते, कानशिलं तापली नव्हती. मिटलेल्या ओठांच्या मागे शब्द होता, तिचा स्वतःचा, आणि ती त्याच्यापाशी निवांत उभी होती — येईल, येतोच आहे — आणि समोरचा सबंध माणूस, हातातल्या उघड्या पेनासकट, तिच्यासाठी थांबलेला होता.