नमनावर लावलेला गेन

अस्नोड्याचा पूल मागे पडला. पदराचं टोक बोटांत धरून मालतीवैनी समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत होत्या, आणि गाडीत त्यांच्या कीर्तनकार नवऱ्याचा, यशवंतबुवांचा आवाज भरून राहिला होता. स्टीअरिंगवरचा गोकुळदास मनातल्या मनात हरखला होता. बुवा गेल्याला किती वर्षं झाली, पण व्हॅन तीच होती आणि कोरगावहून नार्व्याला जायची वाटही तीच. कीर्तनाला निघायचं म्हणजे गोकुळदास स्टीअरिंगवर, बुवा पुढच्या सीटवर गळ्याला मफलर गुंडाळून, वैनी मागे टाळ मांडीवर घेऊन. परतताना प्रसादाचे नारळ गाडीभर गडगडायचे आणि वळणावर एखादा वैनींच्या पायांवर आला की बुवा म्हणायचे, "देवान पाठवलेलो तो, लाथ मारू नको गो."

आज सप्तकोटेश्वराच्या दर्शनाला निघताना गोकुळदासने वैनींना पुढे बसवलं. त्यांना ठाऊक नव्हतं, पण त्याने घरात जपलेली कॅसेट पेनड्राइव्हवर उतरवून घेतली होती. कोरगावच्या देवळातलं बुवांचं शेवटचं कीर्तन. तेवढ्या एकाच कीर्तनाला वैनी नव्हत्या. लेकीच्या बाळंतपणाला त्या कुडाळला गेल्या होत्या, आणि परतल्या तेव्हा बुवांनी अंथरूण धरलेलं होतं. ते पुन्हा गायले नाहीत.

कीर्तन रंगत गेलं. नमन झालं, पूर्वरंग झाला, आख्यान चढत चढत शेवटच्या, नावाड्याच्या पदापाशी आलं. बुवांनी गळा सोडला आणि आवाज टराटरा फाटला. जुनं कापड दोन्ही हातांनी ओढावं तसा.

"बंद करा ता, गोकुळभाऊ."

त्याने बंद केलं.

"लोक म्हणत होते, शेवटाक बुवांचो गळो गेलो म्हणान," वैनी हळू म्हणाल्या. "मी कधी खरा धरूक नाय."

"वैनी, मी फुडेच बसललंय. गळो गेलो नाय."

"तुमी जल्मभर सुर्ल्याचे खाणीवरचे ट्रक चालवलात. तुमच्या कानांची साक्ष खंय काढतास?"

बोलणं थट्टेचं होतं, पण वैनी हसल्या नाहीत. गोकुळदासला शंका आली. खरंच, आपण ऐकलं होतं ते काय? लोक म्हणत होते त्यात तथ्य असलं तर? आयुष्यभर देवाचं नाव घेतलेला गळा शेवटच्या पदाला फाटला, हे या बाईच्या कानांत आपणच आणून घातलं, आणि तेही देवाच्या वाटेवर.

डिचोली आली तसा त्याने नार्व्याचा रस्ता सोडला आणि गौरेशच्या दुकानासमोर व्हॅन लावली. गाड्यांना स्पीकर बसवणारा हा पोरगेला माणूस. महिन्यापूर्वी त्यानेच सीटखाली अॅम्प्लिफायर बसवला होता. त्याने वाकून बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"काका, गेनचो स्क्रू कोणी पिळलो?"

"मी."

"कित्याक?"

"आवाज बारीक येत होतो रे. नमन ऐकूकच येईना."

पुढच्या सीटवरून वैनींचा आवाज आला. "नमनावर लावलात? भाऊ, बुवा नमनाक आवाज राखून ठेवत. देवाच्या दारात हळू बोलूचा, असा म्हणत. गळो सोडीत तो नावाडी येता थंय."

गोकुळदास ओशाळला. एवढी कीर्तनं ऐकून आपण ही चूक करावी.

"आवाज वाढवूक रेडिओचा बटण असा," गौरेश समजावू लागला. "गेन तेच्यासाठी नाय. रेडिओ देता किती आणि अॅम्पान घेवचा किती, तेचो मेळ घालूक तो."

"पेटयेचो स्वर आणि बुवांचो गळो जुळवतत तसो?"

"तसोच समजा. तुमी गेन पार वर नेल्यात. नमनाक बरा वाटला, पण बुवांनी आवाज चढवल्यावर अॅम्पाक तो झेपलो नाय." मग तो वैनींकडे वळला. "पण काकी, टेपातच फाटललो असात, तर माझ्या हातात काय नाय."

"बघ तर," वैनी म्हणाल्या. त्यांनी डोळे मिटले होते.

गौरेशने बास कमी केला, रेडिओचा आवाज पाऊण भागाच्या आसपास आणून ठेवला, जिथे तो अजून स्वच्छ होता. गेन पार खाली नेला. नावाड्याचं पद लावलं आणि स्क्रू अगदी हलक्या हाताने वर नेऊ लागला. बुवांचा आवाज लांबून कोणी शेताच्या बांधावरून चालत यावं तसा जवळ येत गेला. एका जागी किंचित खरखरला. गौरेशने स्क्रू तिथून जरा मागे घेतला आणि हात काढला.

"आता परत पयल्यापासून."

"पैलतीरी दिवा दिसे…"

आवाज चढला, उंच गेला, आणि कुठेही फाटला नाही. भरलेल्या कळशीसारखा तो नितळ होता. आणि मग थांबला.

मघाशी वाटेत, बंद करेपर्यंत, या जागी नुसती खरखर ऐकू आली होती. गेन उतरला तशी ती खरखर गेली, आणि आता तिथे निखळ शांतता होती. देवळातलं कोणीतरी खोकलं. एक टाळ उगाच किणकिणला. ओळ अर्धी सोडलेली होती.

गोकुळदासला लख्ख आठवलं. बुवांनी ओळ सोडली होती आणि मान वळवून डाव्या खांद्यावरून मागे बघितलं होतं. नेहमीसारखं, उरलेली ओळ वैनींनी द्यावी म्हणून. मागे वैनींच्या जागी खांब होता. लोकांना वाटलं, गळा अडकला.

"नावाड्याला हाक द्या," मालतीवैनी म्हणाल्या.

गायल्या म्हणावं तर गायल्या नाहीत, पण सूर जिथे पडायचा तिथेच पडला. हाताशी टाळ नव्हते. दोन बोटं गुडघ्यावर वाजली. आणि पेनड्राइव्हमधल्या बुवांनी त्यांच्यामागोमाग तीच ओळ उचलली, एका दमात, हसत हसत, पार समेपर्यंत.

गौरेश स्क्रूड्रायव्हर हातात धरून तसाच उकिडवा बसला होता. पद संपलं तेव्हा त्याने विचारलं, "काकी, इल्लो आवाज वाढवू?"

वैनींनी पदराने तोंड पुसलं.

"असो दे रे पुता," त्या म्हणाल्या. "माका ऐकू येता." मग गोकुळदासकडे वळून म्हणाल्या, "चला भाऊ, आरतीक पोचूक होया. आणि ता परत लावा. नमनापासून."