ड्रेव्हर्टन हॉलचं भ्यालेलं छत

मी छत बोलतोय. इंग्लंडमधल्या श्रॉपशर परगण्यातल्या ड्रेव्हर्टन हॉल या जुन्या हवेलीच्या जेवणघराचं छत. तिकीट काढून तुम्ही आत येता, मान मोडेपर्यंत वर बघता, "बापरे, हे पुसतं कोण?" म्हणता आणि लगेच चहा कुठे मिळतो ते विचारता. मी तुमच्याकडे बघतो तेव्हा एवढंच मोजतो, की आत्ता माझ्याखाली डोकी किती आहेत.

कारण मी भित्रा आहे. आणि माझ्या भीतीला कारण आहे.

तीनशे वर्षांपूर्वी ओबडाया टकेट नावाच्या कारागिराने मला घडवलं. त्याने ओकच्या तुळयांना पातळ लाकडी पट्ट्या ठोकल्या, चुन्यात घोड्याचे केस कालवले आणि ओला गिलावा पट्ट्यांच्या फटींतून वर दाबला. वर गेलेला चुना वाकून सुकला, आकड्यासारखा अडकला. अशा हजारो आकड्यांवर मी लटकलोय. खालच्या अंगाला त्याने नासपती, द्राक्षांचे घड आणि मान वळवलेले तितर काढले.

"टिकेल ना रे हे?" मालकाने विचारलं.

"मालक, तुमच्यापेक्षा तरी जास्त टिकेल," ओबडाया म्हणाला, आणि ते खरंच झालं.

माझं दुखणं सुरू झालं ते त्या मालकाच्या पणतूच्याही पणतूने बरोबर माझ्या डोक्यावर न्हाणीघर बांधलं तेव्हा. शिशाचा नळ थेंब-थेंब गळायचा. चुना भिजायचा, सुकायचा, पुन्हा भिजायचा. एकेक आकडा कुजून तुटू लागला. तुटताना बारीक 'टिक' असा आवाज यायचा. तो फक्त मला ऐकू येई.

पुढे घराण्याला हवेली झेपेना. ती एका संस्थेकडे गेली, दारं लोकांसाठी उघडली, आणि जेवणघराच्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर हेस्टर प्रॉबर्ट येऊन बसल्या. त्या निवृत्त टपालवाल्या. नवरा गेल्यावर घर खायला उठलं, म्हणून पाहुण्यांना बिनपगारी माहिती सांगायला आल्या आणि एकोणीस वर्षं राहिल्या. माझ्याखेरीज तो 'टिक' ऐकू येणाऱ्या त्या एकट्याच.

गेल्या वर्षी त्यांनी तो ऐकला आणि भरलेली खोली रिकामी केली. तपासणीस आला, शिडीवरून काठीने ठोकून गेला. "काही झालेलं नाही," म्हणाला. मग काय, चहाच्या खोलीत बाईंना चिडवायला सगळ्यांना विषयच मिळाला. "हेस्टर, आज आकाश पडतंय का गं?" त्या हसायच्या, पण पुढे कितीतरी दिवस वर बघायच्या नाहीत. मला ते फार लागलं.

मग जूनमधला तो रविवार उजाडला. दुपारी अडीचला चाळीस जणांचा गायकवृंद जेवणघरात गाणार होता. पाहुणे खुर्च्या धरून बसू लागले. मधल्या तितराच्या मानेपासून खिडकीपर्यंत एक भेग सरकली. माझ्या अंगाला कंप सुटला. चिमूटभर पांढरा चुना हेस्टरबाईंच्या निळ्या बाहीवर पडला.

त्यांनी बाहीकडे पाहिलं. मग वर पाहिलं.

दाराशी व्यवस्थापक क्लाइव्ह हॅनी यादी घेऊन उभे होते. बाई त्यांच्यापाशी गेल्या. "खोली रिकामी करा. आत्ताच्या आत्ता."

"अहो, पुन्हा सुरू झालं का तुमचं?" हॅनी दबक्या आवाजात म्हणाले. "गेल्या वर्षी माझी किती शोभा झाली ठाऊक आहे ना? या वेळी काही निघालं नाही, तर उद्यापासून तुम्ही गाड्या लावायच्या मैदानात उभ्या राहाल. ही खोली विसरा."

बाईंचा चेहरा उतरला. त्या खुर्चीपाशी परत आल्या. बसतील असं मला वाटलं. मी तोंड नसलेला, ओरडणार कसा? नका बसू बाई, नका बसू!

त्या बसल्या नाहीत. त्यांनी टाळी वाजवली आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "मंडळी, चहाच्या खोलीत ताजे स्कोन-पाव निघालेत, जॅम आणि सायीसकट! आज फुकट! पण थोडेच आहेत हं!"

आगीच्या नावाने हा देश इतक्या लगबगीने उठला नसता. म्हातारेकोतारे, काठ्या, छत्र्या, गायकवृंद, सगळे "तुम्ही आधी", "नाही नाही, तुम्ही" म्हणत दाराकडे निघाले. हॅनींचा चेहरा लालबुंद झाला.

एक माणूस मात्र राहिला. कानात माहिती ऐकवणारं यंत्र लावून, बरोबर माझ्या मध्याखाली तो गालिच्यावर उताणा पडला होता आणि माझे तितर बघत होता. बाईंची हाक त्याला ऐकूच गेली नाही.

टिक. टिक. टिकटिकटिक.

हेस्टरबाई माझ्याखाली आल्या. सत्तरी ओलांडलेली बाई! मी उरल्यासुरल्या आकड्यांनी, घोड्याच्या केसाकेसाने तुळयांना चिकटून राहिलो. बाईंनी त्या माणसाचे दोन्ही घोटे धरले आणि टपालाचं पोतं ओढावं तसं त्याला दाराकडे ओढलं.

"अहो, हे काय चाललंय?" तो किंचाळला.

त्याचं डोकं उंबऱ्याबाहेर गेलं आणि मी सुटलो.

धूळ खाली बसली तेव्हा माझं अर्धं अंग रिकाम्या खुर्च्यांवर पडलेलं होतं. हॅनी दारात उभे होते, यादी हातातून गळालेली. ते बाईंपाशी आले. मग म्हणाले, "हेस्टर... मला माफ करा."

"ते नंतर," बाई धापा टाकत म्हणाल्या. "आधी स्कोनचं बघा. लोक खवळलेत."

आता माझं उरलेलं अर्धं अंग पोलादी तारांनी बांधलंय. नळ काढून टाकलाय. पुढच्या वसंतात खोली उघडणार म्हणतात. पण लोक माझ्याखाली यायला घाबरतील, अशी संस्थेला चिंता आहे. परवा हेस्टरबाई आल्या, खुर्ची ओढून बरोबर मधोमध, माझ्याखाली बसल्या आणि डब्यातलं सँडविच काढून सावकाश खाऊ लागल्या.

"बघा, काही होत नाही," दारात थबकलेल्या संस्थेच्या मंडळींना त्या म्हणाल्या.

त्यांना कसलीच भीती नव्हती. ती सगळी माझ्याकडे होती. तारा पक्क्या आहेत, हे मला माहीत आहे. तरी तो घास संपेपर्यंत मी तुळयांना घट्ट धरून होतो.

तुम्ही याल तेव्हा वर जरूर बघा. तितर अजून सुंदर आहेत. फक्त फार वेळ थांबू नका. आणि बाहीवर पांढरं काही पडलं, तर झटकून टाकू नका, कुणाला तरी दाखवा.