पाच इंच आणि एक टिंब

आमच्या गुंडीची उंची दोन आठवड्यांत साडेतीन सेंटिमीटरनं कमी झाली, म्हणून माझे बाबा तपासणीला गेले. हे वाक्य मी ज्यांना ज्यांना ऐकवलं, त्यांनी मला हल्ली झोप मिळतेय ना, असं विचारलं. मिळत नाहीच. पण वाक्य खरं आहे, आणि गुंडी आत्ता दुपारची झोपली आहे तेवढ्यात ते नीट मांडून ठेवते.

गुंडी म्हणजे माझी सहा महिन्यांची मुलगी. कागदोपत्री तिला चांगलं चार अक्षरी नाव आहे, पण आजोबा शिंपी असल्यावर दुसरं काय होणार. बाबांचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत आहे. एक मशीन, कापायचं लांब टेबल, उभा आरसा, आणि पडद्यामागे एक माणूस जेमतेम मावेल एवढी ट्रायलची जागा. मी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करते. माणसांच्या शरीरातून काढलेले तुकडे मेणात बसवायचे, केसाहून पातळ काप काढून काचेवर घ्यायचे, रंगवायचे, आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघणाऱ्या आमच्या मॅडमकडे द्यायचे. बाबा म्हणतात, "आपलं दोघांचंही कापायचंच काम. तुझं गिऱ्हाईक परत येऊन भांडत नाही, एवढाच फरक." सध्या माझी रजा चालू आहे, म्हणून आम्ही दोघी माहेरी.

आल्या आल्या माझ्या लक्षात आलं की मशीन सारखं थांबतंय. बाबा उठायचे, मागच्या दारानं जायचे, बराच वेळ यायचे नाहीत, आणि आले की अर्ध्या तासात पुन्हा तेच. त्यांची पाण्याची बाटली सकाळी जेवढी भरलेली असे तेवढीच संध्याकाळी.

"पाणी का पीत नाही हो तुम्ही?"

"प्यायलं की उठावं लागतं. उठलं की शिवण बिघडते."

"आणि विचारलं की तोंड बिघडतं," आई आतून म्हणाली.

आईनंच मग मला खरं काय ते सांगितलं. महिन्याभरापूर्वी घरच्या डॉक्टरांनी त्यांचं रक्त तपासलं होतं. साखर काठावर, आणि प्रोस्टेटचा आकडा वाढलेला. डॉक्टरांनी इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी दिली होती: तपासून घ्या, लागलं तर बारीक तुकडे काढून बघावे लागतील. बाबांनी चिठ्ठीला चार घड्या घातल्या, मापांच्या वहीत ठेवली आणि वहीवर इस्त्री ठेवली.

कुणाचे वडील वेळेवर आले आणि कुणाचे उशिरा, हे माझ्या हाताखालच्या काचांवर रोज लिहिलेलं असतं.

"बाबा, उद्या जायचं आपण."

"मला नाही ते. ते पोटवाल्यांचं दुखणं आहे," बाबा म्हणाले. "थांब, दाखवतोच तुला."

त्यांनी इस्त्री बाजूला केली आणि वही माझ्यापुढे सरकवली. एकतीस वर्षांची वही. एका गिऱ्हाइकाला एक पान, दर वेळचं माप तारखेसकट एकाखाली एक. काही पानांवर कंबरेच्या आकड्याशेजारी लाल पेन्सिलीचं बारीक टिंब होतं.

"हे काय?"

बाबांनी आवाज खाली आणला, जणू गिऱ्हाईक पडद्यामागेच उभं आहे. "ट्रायल चालू असताना ज्याला 'जरा जाऊन येतो' म्हणावं लागतं, त्याला टिंब. पुढच्या खेपेला मी त्याला उभं करायच्या आधीच सांगतो, तुम्ही मागे जाऊन हातपाय धुवून या, मला टाचण्या शोधायला वेळ लागेल. म्हणजे त्याला मागावं लागत नाही."

मग त्यांनी पानं उलटायला सुरुवात केली. शाळेचे मुख्याध्यापक: तीस, एकतीस, तेहेतीस, पस्तीस, टिंब. बेकरीवाले: चौतीस, छत्तीस, एकोणचाळीस, टिंब. बँकेतले साहेब, टिंब. "पहिल्या मापावर पाच इंच. पाच झाले की टिंब आलंच म्हणून समज. मी कुणाला बोललो नाही, पण मला केव्हाच कळलंय."

मॅडमनी एकदा चहा पिता पिता सांगितलं होतं की पोटाची चरबी, रक्तातली साखर आणि प्रोस्टेटची वाढ या गोष्टी बऱ्याचदा एकमेकींचा हात धरून येतात. शरीरात इन्शुलिन जास्त खेळायला लागलं की ही ग्रंथीसुद्धा वाढायचा इशारा घेत असावी. सगळं अजून उलगडलेलं नाही, म्हणाल्या, हजारो पुरुषांची मापं घेऊन लोक शोधतायत. आणि इथे माझ्या वडिलांनी सातवी शिकून, कुणाला मान खाली घालावी लागू नये एवढ्याचसाठी, तीच वाट लाल पेन्सिलीनं आखून ठेवली होती.

तरी मी वाद घातला. एक पान सापडलं मला. "हे पोस्टमन बघा. कंबर कायम एकोणतीस, आणि टिंब आहेच. म्हणजे बारीक माणसालाही होतं."

"तो अपवाद."

"तुम्हीही अपवाद असू शकता की."

"माझं लग्नात बत्तीस, आज पस्तीस. तीन झाले. अजून दोन इंच शिल्लक आहेत माझे," बाबा म्हणाले, आणि पुरवून पुरवून वापरायची रजा शिल्लक असावी तसे समाधानानं मशीनवर बसले.

त्यांना भीती वाटत होती, हे दिसत होतं. पण ती भीती त्यांच्याच शोधाच्या आड बसली होती, आणि तो शोध खोडून काढायला माझ्याकडे एक पोस्टमन होता.

असे नऊ दिवस गेले. मशीन थांबायचं, मागचं दार वाजायचं, आणि मी आतल्या खोलीत गुंडीला पाजता पाजता मनातल्या मनात आकडे मोजत बसायचे, ते परत येईपर्यंत.

दहाव्या दिवशी गुंडीला अंघोळ घालून मी कापायच्या टेबलावर कपडे घालत होते. बाबा मागे गेले होते. आरशाशेजारी खिळ्याला त्यांची जुनी टेप टांगलेली असते. ज्या म्हाताऱ्या शिंप्याकडे ते शिकले, त्यांनी दिलेली, कापडी. ती वळू नये म्हणून तिच्या खालच्या टोकाला बाबांनी मोठी कातर अडकवलेली. गिऱ्हाइकांची टेप दरवर्षी नवी येते, त्यात बाबा फार काटेकोर. पण घरच्यांचं माप मात्र त्या जुन्या टेपनंच, स्वतःचंही. म्हातारबुवांचा आशीर्वाद म्हणून.

मला हुक्की आली. कातर सोडवली आणि गुंडीची उंची घेतली. साडेबासष्ट सेंटिमीटर.

दोनच आठवड्यांपूर्वी लस द्यायला नेलं तेव्हा सिस्टरनी तिच्या कार्डावर सहासष्ट लिहिलं होतं. मी पाय सरळ करून पुन्हा मोजलं. साडेबासष्ट. कार्ड काढलं. साडेबासष्ट तर ती दोन महिन्यांपूर्वी होती. म्हणजे सिस्टर चुकल्या, आणि ही दोन महिन्यांत वाढलीच नाही? माझं दूध पुरत नाहीये, एवढं एकच डोक्यात आलं.

"बाबा, इकडे या. आधी या."

बाबा आले, माझ्याकडे बघितलं, काही न विचारता गळ्यातली नवी टेप काढली. गुंडीच्या टाचेपासून डोक्यापर्यंत धरली. "सहासष्ट."

"ह्या टेपवर साडेबासष्ट येतंय."

बाबांनी दोन्ही टेपा टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. दोघींची शून्याची टोकं एकाच टाचणीनं टोचली आणि तळहातानं सपाट करत शेवटापर्यंत गेले. नव्या टेपचा साठावा इंच जिथे आला, तिथे जुनीवर सत्तावन्नसुद्धा भरत नव्हते. त्यांनी तिथे बोट ठेवलं.

"एकतीस वर्षं कातर टांगली मी हिला," ते म्हणाले. "ताणली गेली बिचारी."

आई दारात आली होती. "असं कसं? तुमच्या पॅन्टी तर नीट बसतात."

"बसणारच. अंग हिनंच मोजलं, कापडही हिनंच मोजलं. चूक दोन्हीकडे सारखीच. कळणार कुठून?"

मग ते आरशासमोर जाऊन उभे राहिले आणि हात वर केले. "बयो, घे माप."

जन्मात पहिल्यांदा मी माझ्या वडिलांचं माप घेतलं. त्यांनीच शिकवल्यासारखं, टेपच्या आत दोन बोटं ठेवून. किती मऊ पोट होतं ते. इतकी वर्षं मला ते सपाटच वाटत होतं.

"सदतीस."

"मी श्वास घेतला होता का?"

"सोडला होता."

"पुन्हा घे."

सदतीस.

दोन इंच म्हणजे दुसऱ्याला काही नाही. शिंप्याला दोन इंच म्हणजे दुसरा माणूस. बाबा टेबलापाशी गेले, वहीचं कोरं पान काढलं आणि वर स्वतःचं नाव लिहिलं. एकतीस वर्षांत त्या वहीत त्यांचं पान नव्हतं. बत्तीस, खाली सदतीस. मग लाल पेन्सिल घेतली, टोक बघितलं, पुन्हा तासली, आणि टिंब दिलं. चार घड्यांची चिठ्ठी माझ्या हातात ठेवत म्हणाले, "किती वाजता उघडतं तुमचं?"

मोठ्या डॉक्टरांनी तपासलं, सोनोग्राफी केली. ग्रंथी चांगलीच वाढलेली होती, आणि आकडा बघता तुकडे घ्यायचे ठरले. बारीक सुईनं बारा ठिकाणचे. ते झालं, आणि मग फक्त वाट बघणं उरलं.

त्या आठवड्यात एका दुपारी मी गुंडीला पाजत बसले होते. बाबा माझ्याकडे पाठ करून काज करत होते. "ही ग्रंथी करते तरी काय गं?" त्यांनी सुईकडे बघतच विचारलं. "माझ्या पोटात एवढी वर्षं आहे, ओळख नाही आमची."

मला ठाऊक होतं तेवढं मी सांगितलं. लिंबात जी आंबट गोष्ट असते, तीच आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत तयार होते आणि तिथल्या तिथे जळते, त्यावर पेशी जगते. ही एक ग्रंथी तेवढी वेगळी. ती ते तयार करते आणि स्वतः जाळत नाही. साठवते आणि पुढे पाठवते, होणाऱ्या बाळाच्या अर्ध्या बीजाला वाटेत सोबत म्हणून. जळू नये म्हणून तिच्या पेशी जस्त धरून ठेवतात, त्या जस्तानं ती भट्टी रोखलेली असते. आणि पेशी बिघडून कर्करोगाकडे वळायला लागली की जस्त निसटतं, आणि जे दुसऱ्यासाठी होतं ते ती स्वतःच जाळायला लागते. त्यावर वाढते.

बाबांची सुई थांबली.

"म्हणजे शिंप्यानं गिऱ्हाइकाच्या कापडातून स्वतःचे कपडे शिवायला घेतले."

"तसंच."

"आणि चांगला असेल तोवर उपाशी राहून पुढे देतो?"

"उपाशी नाही हो. त्याचं पुरेसं असतं त्याला. हे एवढं मात्र तो घेत नाही."

गुंडी घुटक घुटक पीत होती. माझं शरीरही काहीतरी बनवून स्वतः न घेता पुढे देत होतं, मला न विचारता, आणि त्याच खोलीत माझ्याकडे पाठ करून बसलेल्या माणसाच्या आत, त्यानं कधी नाव न घेतलेल्या जागी, तेच चाललं होतं. मी त्यातूनच आले होते. मी गुंडीच्या टाळूवर नाक टेकवलं.

शुक्रवारी मॅडमचा फोन आला. "तू रजेवर आहेस. पण ये. बाबांचे तुकडे तुझ्या हाताखालून गेले नाहीत, डोळ्याखालून तरी जाऊ देत."

मी सूक्ष्मदर्शकाला डोळे लावले. अशा काचा मी शेकड्यांनी रंगवल्या असतील. हे माझे बाबा आहेत, असं म्हणून कधी बघितलं नव्हतं. गुलाबी पार्श्वभूमीवर जांभळ्या कडांच्या पोकळ्या, आणि प्रत्येक पोकळीच्या आत चुण्या घातलेली झालर. आतून उंच पेशींची एक रांग, तिच्याखाली चपट्या पेशींची दुसरी. चांगल्या ग्रंथीला ही दुसरी रांग असतेच. हिला मी मनात नेहमी अस्तर म्हणत आले आहे. पासष्ट वर्षं कुणी बघत नसताना, उजेडाशिवाय, इतकं नेटकं काम कुणी केलं असेल?

अकरा तुकड्यांत अस्तर शाबूत होतं. बाराव्यात एका कोपऱ्यात, टाचणीच्या डोक्याएवढ्या जागेत, चार-पाच पोकळ्यांना नव्हतं. मॅडमनी वेगळा रंग देऊन खात्री केली होती.

मोठे डॉक्टर म्हणाले, कर्करोगच आहे, पण हळू चालणारा. लगेच काही कापायचं नाही, पण नजर ठेवायची. ठरलेल्या तारखांना रक्त, मग पुन्हा तपासणी. वाढलेल्या ग्रंथीसाठी गोळी. साखर आटोक्यात, रोज चालणं, कंबर खाली. "आणखी वर्षभर न येता बसला असतात, तर मी हेच बोललो असतो का, सांगता येत नाही," एवढं म्हणून त्यांनी कागदावर सही केली.

घरी आल्यावर बाबांनी मला पुन्हा सगळं विचारलं, माझ्या तोंडून. मी अस्तराचं सांगितलं.

"एका कोपऱ्यात उसवलंय म्हण की."

"उसवलंय. बाकी शिवण पक्की आहे."

"कुणाची आहे शिवण?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता आपल्या पानावर पुढची तारीख लिहिली. जुनी टेप त्यांनी गुंडाळून म्हातारबुवांच्या फोटोमागे ठेवली. कातर आता टेबलावर असते.

या गोष्टीला पाच आठवडे झाले. कंबर साडेछत्तीस आहे. अर्धा इंच कमी झाला ते बाबा सोडून सगळ्यांना दिसलं, कारण त्यांना अजून नवी टेप खोटी वाटते.

आत्ता मशीन थांबलं. बाटलीचं झाकण फिरल्याचा आवाज आला, ते पाणी पितायत. मग खुर्ची सरकली.

"जरा जाऊन येतो," बाबा मोठ्यानं म्हणाले. आजवर ते न सांगताच उठायचे.

"सावकाश या," आई आतून म्हणाली. "मला टाचण्या शोधायला वेळ लागेल."