तबकडीची उडी

चष्मेवाल्या आत्याला मॅन्डोलिनवर जॅझ येतं, ही बातमी भाच्याने आपल्या बँडमध्ये फोडली आणि आत्याची झोप उडाली. दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या, संध्याकाळी दार लावून वडिलांच्या एकुलत्या एका जॅझच्या तबकडीसोबत वाजवायचं, हाच तिचा संसार. एकदा तरी जित्याजागत्या माणसांबरोबर वाजवावं, ही हौस मात्र मनात मुंगीसारखी चालत राहायची. आता बँडचा पियानोवाला गाव सोडून गेला होता. जागा रिकामी होती.

सोफे दुरुस्त करणाऱ्याच्या माडीवर तालीम. खाली ठोकाठोक, वर सूर. म्होरके होते सॅक्सोफोनवाले मेजर. फौजेत कधी गेले नव्हते. मिशा तेवढ्या जाऊन आल्यासारख्या.

"बाई, एवढ्याशा वाद्याचा आवाज माझ्यापुढे लागायचा कसा?"

"तुम्ही मध्ये दम घेतलात तर लागेल की," आत्या म्हणाली. उंचाडा बासवाला फिदीफिदी हसला.

भाच्याने ड्रमवर ठेका धरला. आत्याची नखी तारांवर थरथरली. तारा जोडीजोडीच्या, एक बोलली की दुसरी हुंकार भरी. मेजरांची मान डोलू लागली. आणि ऐन रंगात आत्याने एकच तुकडा तीनदा वाजवला, अर्धी मात्रा गिळली अन् टुणकन पुढे गेली. बासवाला एकीकडे, मेजर दुसरीकडे, भाच्याच्या काठ्या अधांतरी.

"हे काय होतं?" मेजरांनी विचारलं.

"तबकडीत असंच आहे."

भाच्याने कपाळावर हात मारला. "अगं आत्या, तबकडीला ओरखडा आहे! सुई तिथे अडखळून उडी मारते!"

असा हशा पिकला की खालची ठोकाठोक थांबली. आत्याचे कान तापले. इतकी वर्षं आपण ओरखडा पाठ केला! तिने मॅन्डोलिन पेटीत ठेवायला घेतलं.

"पेटी राहू द्या," मेजर म्हणाले. "उडी वगळून वाजवा."

तिने वाजवलं. पण बोटं नाठाळ बैलासारखी त्याच वळणाला गेली. तुकडा आला, पुन्हा आला. तिसऱ्यांदा येताच तिने शेवटचा सूर खाली उतरवायचा तो वर चढवला. चौथ्यांदा आणखी वर. पुढे तबकडीत काय होतं ते आठवेना, आणि नवल म्हणजे भीतीही वाटेना. भाच्याने ओळखलं, झांज वाजवली. बासवाला पाठोपाठ निघाला. मेजरांनी सॅक्सोफोन मांडीवर टेकवला आणि ते नुसते ऐकत राहिले.

"हे कुणाचं?" वाजवणं थांबल्यावर त्यांनी विचारलं.

आत्या धापा टाकत होती. "आता कुणाचं म्हणून सांगू? माझंच."

"शनिवारी कार्यक्रम आहे. याल?"

"दुकान लवकर बंद करते."

"मग त्या दिवशीही हेच वाजवा."

"हेच?" आत्या हसली. "ते गेलं की हो हातातून! शनिवारी दुसरं येईल."

मेजर मिशीत हसले. "अरे लंबू, बाईंची खुर्ची पुढे घे."




बासवाला खुर्ची आणायला उठला. तोवर आत्याने उभ्याउभ्याच पुढचं सुरू केलं होतं.