आदेशला विमानातून कुणी उतरवलं

लढाईच्या तिसऱ्या दिवशी माझ्या मुलाला विमानातून खाली उतरवलं, आणि हे काम आमच्या ओळखीतल्याच कुणाचं तरी होतं.

मी भागू, मढचा. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. गाडीत चढणाऱ्याचं तोंड बघितलं की मला कळायचं, हा तिकीट काढणार की झोपेचं सोंग घेणार. बायको लंकाबाई म्हणते, हा माणूस देवळात पुजाऱ्याकडेसुद्धा संशयानं बघतो. बघतो. त्यात माझं काय चुकलं?

आदेश आमचा एकुलता एक. बारावीनंतर खडकवासल्याला गेला, तिथून पुढं हैदराबादकडं विमान शिकायला. पहिले पंधरा दिवस त्याला प्रत्येक फेरीत ओकारी व्हायची. घाटातल्या गाडीत मी अशी शेकडो माणसं पाहिलीत, त्यांना समजावून काही उपयोग नसतो. पोट बसलं नाही तर घरी पाठवणार होते. पण पोरगं चिवट. रोज सकाळी फिरत्या खुर्चीत बसून मित्राकडून स्वतःला गरगरा फिरवून घ्यायचा. तो मित्र म्हणजे हमदान. खुर्ची फिरवून फिरवून त्याचेच हात दुखायचे. दोघांनी एकाच आठवड्यात एकट्यानं विमान उडवलं, पुढं दोघांना बाँब टाकायच्या विमानावरच घेतलं. मागच्या दिवाळीत हमदान आमच्याकडं चार दिवस राहिला. लंकाबाईच्या हातचा भात त्यानं तीन तीन वेळा मागून खाल्ला, आणि तेवढ्यावर ती खूश.

शिकत असल्यापासून आदेशनं एक रीत पाडली होती. विमानाकडं जाण्याआधी आईला एक मिस्ड कॉल, उतरल्यावर दुसरा. उचलायचा नाही. दोन्ही वाजले की लंकाबाई चुलीकडं वळायची. एक वाजून दुसरा यायला उशीर झाला, तर ती अंगणात नुसती फिरत राहायची आणि माझ्याशी बोलायची नाही.

सोमवारी लढाई सुरू झाली. पहाटे एक कॉल, दोन तासांनी दुसरा. मंगळवारी तसंच. असा फोन करायला तिथं बंदी असणार, हे मला कळत होतं. तरी मी काही बोललो नाही.

बुधवारी दुपारी फोन वाजला तो वाजतच राहिला. मी उचलला.

"बाबा, मला खाली बसवलंय," आदेश म्हणाला. "घरच्यांसाठी एक नंबर दिलाय ना, अनोळखी कुणी चौकशी केली तर कळवायला, त्याच्यावर कुणीतरी कळवलंय. म्हणे एक माणूस आपल्या घरी फोन करून माझ्याबद्दल विचारतोय, आणि मी कधी जातो, कधी येतो ते सगळं त्याला कळलंय. मिस्ड कॉलचं पण साहेबांना कळलं."

"कळवलं कुनी?"

"नाव सांगत नाहीत. बाबा, तो माणूस कोण ते शोधा. तो साधा कुणी निघाला तर साहेब मला रागावतील आणि सोडतील. इथं पायलट कमी पडतायत. नाही कळलं तर माझं उडणं संपलं. आज माझ्या जागी हमदान गेलाय."

त्याचा आवाज रडवेला नव्हता. पण पंचवीस वर्षांच्या पोरानं आठ वर्षं ज्यासाठी घासली, ते एका चुगलीनं जाणार होतं. माझं डोकं फिरलं.

चुगली केली असणार म्हणून शेजारच्या कोंडाबाईला पहिलं धरलं, कारण तिचे कान आमच्या भिंतीलाच असतात. पण तिच्याकडं फोनच नाही. मग फोन करून विचारणारा कोण असेल याचा विचार करताना मला आठवला निरगुडसरचा भिकाजी. आदेशचा बायोडाटा आम्ही लग्नासाठी चार ठिकाणी पाठवला होता, त्यात हे स्थळ पुढं सरकलं होतं. मुलीचं नाव उज्ज्वला. हा बाप पहिल्या दिवसापासून नको ते विचारायचा. कुठं असतो, कोणतं विमान, रात्रीचं जावं लागतं का. मुलीचा बाप पगार विचारतो, जमीन विचारतो. विमान कशाला विचारतो? दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिली गाडी पकडली.

भिकाजी गोठ्यात होता. मला बघून गडबडला. हा सापडला, मी मनात म्हणालो.

"पावणं, तुमी लढाई लागल्यावर आमच्या घरी फोन केला व्हता का?"

"केला की. मंगळवारी, दुपारी."

"कशापायी?"

"आता काय लपवायचं राव? पोरगी जेवंना. तिनं फोटो बघूनच हो म्हनलंय. म्हनून वैनींना इचारलं, पोरगा बरा हाय ना. तर वैनीच म्हनल्या, काळजी करू नगा, उद्यापासनं त्याला वर पाठवनार न्हाईत."

"मंगळवारी म्हनली?"

"मंगळवारीच. आमचा बाजार असतो त्या दिशी."

मी पुन्हा विचारलं, त्यानं पुन्हा तेच सांगितलं. चहा न घेता मी उठलो. आदेशला खाली बसवलं बुधवारी, आणि लंकाबाईला ते मंगळवारीच ठाऊक होतं. परतीच्या गाडीत नारायणगावपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसलो. शेजारच्यानं दोनदा वेळ विचारली, ती मी सांगितली की नाही आठवत नाही. एवढी वर्षं मी साऱ्या जगाचं तिकीट तपासलं, आणि घरातल्या माणसाकडं कधी मागितलं नाही.

लंकाबाई अंगणात वाळत घातलेला हिरडा परतत होती. मी समोर उभा राहिलो.

"नंबरावर तूच फोन केलास."

तिनं मान वर केली नाही. "केला. म्हनलं, एक मानूस सारखं इचारतो, मी भोळेपनानं सगळं सांगून बसले. मिस्ड कॉलचं बी सांगितलं. आन माझं नाव पोराला सांगू नका म्हनलं."

"तो मानूस भिकाजी हाय, हे ठाऊक व्हतं तुला?"

"व्हतं."

"पोराची नोकरी घालवलीस तू. त्याला आता कुनी इमानात बसू देनार न्हाई."

"न्हाई बसू दिलं तर न्हाई," ती म्हणाली. "जिता राहील. लई राग करंल माझा. करू दे."

मला तिला ओरडायचं होतं. तेवढ्यात माझ्या खिशातला फोन वाजला.

"बाबा, काही कळलं का? आत्ता कळलं तर मी आजच्या यादीत येतो. साहेब नाव विचारतायत."

नाव माझ्या तोंडात होतं. भिकाजीचा पत्ता, फोन नंबर, सगळं. लंकाबाई हिरडा परतायची थांबली होती. ती माझ्याकडं बघत होती, पण विनवणी करत नव्हती.

"न्हाई रे," मी म्हणालो. "निरगुडसरला जाऊन आलो. तो न्हाई. दुसराच कुनीतरी हाय."

"नक्की?"

"नक्की."

"बरं," आदेश म्हणाला. त्यानं लगेच विश्वास ठेवला. "मग आज पण हमदानच जाईल."

फोन ठेवला. लंकाबाईनं विचारलं, "आज कोन जानार?"

मी नाव सांगितलं. तिचा चेहरा पडला. ती म्हणाली, "त्याच्या घरी कोन कोन असतं?"

"आई," मी म्हणालो.

ती तिथंच खाली बसली, मीही बसलो. मला स्वतःची भयंकर लाज वाटत होती, आणि फोन हातात असूनही मी तो परत लावला नाही.