काळेभोर केस

आजोबांनी केस काळे करायच्या रंगाची डबी कोटाच्या आतल्या खिशात सरकवली, तेव्हा दुकानाच्या दारावर राखणीला असलेली ताई साबणांच्या मांडणीआडून बघत होती. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्या हातात टोपली नव्हती.

एरवी तिची रीत ठरलेली. कोणाचा हात खिशाकडे वळताना दिसला, की ही रिकामी टोपली घेऊन हजर. हातात मावत नाहीये ना, घ्या यात, एवढंच म्हणायची. समोरचा कानापर्यंत लाल व्हायचा, वस्तू गुपचूप टोपलीत पडायची, आणि ताई काही पाहिलंच नाही अशा थाटात परत दाराशी. माणूस दाराच्या आत आहे तोवर गिऱ्हाईक, बाहेर पडला की चोर, असा तिचा सरळ हिशेब. तिने आजवर एकालाही पकडलं नव्हतं आणि तिला त्याचा कोण अभिमान होता.

नव्या मॅनेजरला मात्र त्यात अभिमानासारखं काही दिसेना. टोपल्या वाटायला माणूस ठेवलेला नाही, एखादा चोर पकडून दाखवा, नाहीतर दुसरीला बोलावतो, असं त्याने सकाळीच सुनावलं होतं. घरी सासू अंथरुणाला खिळलेली, नवऱ्याचं काम आज आहे तर उद्या नाही. ताईच्या पगारावरच चूल पेटत होती.

म्हणून ती जागची हलली नाही. आजोबा रुबाबात दाराबाहेर पडले आणि तिने त्यांच्या कोपराला हात लावला.

"आजोबा, जरा आत येता?"

मागच्या खोलीत, खोक्यांच्या ढिगाऱ्यात, ते खुर्चीच्या टोकावर बसले. त्यांना कोण ओळखत नव्हतं? निवृत्त बस कंडक्टर, बागेत फिरायला येणाऱ्या म्हाताऱ्यांचे म्होरके. बाकी सगळ्यांची टकलं चमकत असताना यांचे केस काळेभोर. काही लावत नाही, आतूनच काळे आहेत, असं ते भेटेल त्याला सांगायचे.

पाकीट उघडलं तर नोटांनी फुगलेलं. मॅनेजर चक्रावलाच. पैसे असताना चोरी कशाला, असं त्याने तीन तऱ्हांनी विचारून पाहिलं. आजोबा बुटांकडे बघत बसले. मग ताईकडे वळून हळूच म्हणाले, "गल्ल्यावर शेजाऱ्यांची नात बसते गं. संध्याकाळपर्यंत अख्ख्या बागेला कळलं असतं."

ताईला हसू फुटलं, आणि लगेच तिची नजर दाराशी पडलेल्या रिकाम्या टोपलीकडे गेली.

तोवर मॅनेजरच्या फोनवरून हवालदारबाई आल्या. त्यांनी आजोबांना आधी पाणी दिलं आणि मग काही न लपवता सांगितलं. डबी केवढ्याचीही असो, तक्रार झाली की गुन्हा नोंदवला जाणार, चौकीत यावं लागणार, पुढे कोर्टाच्या तारखा. मुलाला कळेल का, एवढंच आजोबांनी विचारलं. हवालदारबाईंनी वहीचं पान उलटलं. ताईकडे वळून त्या म्हणाल्या, की पाहणाऱ्या एकट्या तुम्हीच, काय पाहिलंत ते सांगा.

मॅनेजर तिच्याकडे असा बघत होता, जणू सगळ्यात सोपा प्रश्न तिच्याच वाट्याला आलाय.

"खिशात टाकताना पाहिलं," ताई म्हणाली. "बाहेर जातानाही पाहिलं. आणि मी मुद्दाम थांबले, तेही लिहा. रोज मी टोपली घेऊन पुढे जाते. आज गेले असते तर हे आत्ता गल्ल्याशी उभे असते."

हवालदारबाईंचं पेन थांबलं. "मुद्दाम का?"

"साहेबांना एक चोर हवा होता."

मॅनेजरचा चेहरा खाडकन उतरला. जबाब जसाच्या तसा कोर्टात वाचला जाईल, करायची का तक्रार, असं हवालदारबाईंनी अगदी गोड आवाजात विचारलं. तो घसा खाकरत राहिला, वरिष्ठांचं नाव घेत राहिला, आणि शेवटी तक्रार नाही म्हणाला. आजोबांना कडक समज मिळाली. ताईला एकच वाक्य मिळालं, संध्याकाळी गणवेश जमा करा.

खोलीचं मागचं दार उघडंच होतं. हवालदारबाईंनी तिकडे बोटही दाखवलं. आजोबांनी कोट सारखा केला, टेबलावरची डबी उचलली आणि ते पुढे दुकानात जाऊन रांगेत उभे राहिले. एका बाईंनी त्यांना पुढे जा म्हटलं, पण ते जागचे हलले नाहीत.

नंबर आल्यावर त्यांनी डबी गल्ल्यावर ठेवली. पोरीने डबीकडे पाहिलं, मग त्यांच्या केसांकडे.

"आजोबा, हे तुम्हाला?"

"मलाच. आणि लावायचं कसं तेही वाचून दाखव, बाळा. आजवर आमची ही आणायची नि लावून द्यायची, आता ती नाही."

पोरीने डबी उलटी केली, बारीक अक्षरांवर बोट ठेवलं आणि वाचायला लागली. मागची रांग निमूट थांबली. ताई दाराशी उभी राहून ऐकत होती. पोरीचं वाचून होईपर्यंत आजोबा प्रत्येक वाक्याला मान हलवत होते.