दीड वाजताचे चित्र

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. बोरगावच्या पलीकडे, जंगलाला लागून असलेल्या एका गावच्या शाळेत माझे टेबल आहे. कोण्या कचेरीने नवे यंत्र घेतले आणि मला इकडे देऊन टाकले. माझा पंखा घरघरतो, पण मी कधी खोटे दाखवत नाही, याचा मला मोठा तोरा होता.

छायामॅडमनी मला एक काम नेमून दिले होते. दुपारी दीडच्या सुमारास आमच्यावरून उपग्रह जाई. त्याने टिपलेले चित्र चारपर्यंत माझ्याकडे येई. जंगल पेटले असेल तर त्यात करडा पट्टा दिसे, धूळ उडाली असेल तर पिवळट. हा सारा खटाटोप कलाबाईंसाठी होता. त्या शाळेत खिचडी शिजवत आणि त्यांना दमा होता.

"मॅडम, आज धूर हाये का?" असे विचारल्याशिवाय त्या शेतातल्या घरी जात नसत. धूर दिसला की मॅडम त्यांना आपल्याच घरी ठेवून घेत.

मार्चमध्ये मोहाच्या झाडांची फुले गळू लागतात. फुले सहज वेचता यावीत म्हणून इथले लोक झाडाखालचा पाचोळा जाळतात. कधी कधी तोच जाळ डोंगरावर चढतो. गेल्या वर्षी अशाच चित्रावरून वनखात्याची माणसे गावात चौकशीला आली होती. तेव्हापासून कलाबाईंचे यजमान बापूजी सावध झाले होते. एकदा ते माझ्यासमोर वाकले.

"हा फोटू कवाचा हाये, मॅडम?"

"दीड वाजताचा."

"अन् त्याच्यानंतरचं?"

"ते उद्या दिसते, बापूजी."

दोनच दिवसांनी त्यांनी अडीच वाजता मोहाखालची पाने पेटवली. वारा सुटला आणि आग टेकडीवर गेली. चार वाजता मी मात्र स्वच्छ चित्र दाखवले. उन्हामुळे खिडक्या लावलेल्या होत्या. "साफ आहे, कलाबाई. जा तुम्ही," मॅडम म्हणाल्या.

वाटेत धूर दिसला, तेव्हा सोबत निघालेली शेजारची ऋतुजा थबकली. कलाबाई तिला म्हणाल्या, "फोटूत नव्हता, थोडासाच असन." आणि त्या पुढे गेल्या. धुरात त्यांचा दमा उसळला आणि सौसरच्या दवाखान्यात पोहोचण्याआधीच त्यांचा श्वास थांबला.

तेराव्यानंतर बापूजी शाळेत आले. "त्या दिवसाचा फोटू दाखवा जी." मी दाखवला. त्यात एकही डाग नव्हता.

"म्या दीड वाजाची वाट पाहून राहिलो होतो, मॅडम," ते म्हणाले. "मले वाटलं, वरून नाही दिसलं म्हणजे झालं." मग ते माझ्यासमोरच ढसाढसा रडले. मला तेव्हा माझ्या खरेपणाची फार लाज वाटली.

मित्रांनो, धूर आकाशापासून लपवता येतो, पण जवळच्या माणसाच्या छातीपासून नाही. म्हणून पाचोळा झाडूने गोळा करा, पेटवू नका. आणि माझ्यासारख्यावर विसंबण्याआधी खिडकी उघडून पाहा.

बापूजी आता रोज चार वाजता येतात आणि दाराशी उभे राहून विचारतात, "मॅडम, आज धूर हाये का?" मॅडम आधी व्हरांड्यात जाऊन टेकडीकडे बघतात. माझ्याकडे त्या नंतर वळतात.